साठावी गोळी

ज्या दाव्यापासून हे सारे सुरू झाले, तो मी हरले होते, आणि हरले होते ते एका टपाल तिकिटामुळे. वकिलीतले माझे ते पाचवे वर्ष. अशिलाने उसनी दिलेली रक्कम परत मिळावी, एवढाच तो साधा दावा होता. अडचण अशी की वसुलीची मुदत उलटून गेली होती. कर्जदाराने मुदतीच्या आत कर्ज मान्य करणारे एखादे पत्र लिहिलेले असेल, तर मुदत त्या पत्रापासून नव्याने मोजता येते, आणि नेमके तसे पत्र अशिलाने मला पाकिटासकट आणून दिले होते. पत्रावर तारीख होती, खाली सही होती, पाकिटावर तिकीट होते आणि तिकिटावर टपालाचा फरकटलेला, वाचता न येणारा शिक्का होता. समोरचे वकील वयाने माझ्या दुप्पट असतील. सहीबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. खिशातून भिंग काढले, पाकीट न्यायाधीशांपुढे धरले आणि अगदी हळू आवाजात सांगितले, की हे तिकीट पत्रावरच्या तारखेनंतर चौदा महिन्यांनी छापून बाहेर पडले आहे.

पुढच्या तारखेला त्यांनी तिकीट निघाल्याची अधिकृत सूचना दाखल केली आणि प्रकरण तिथेच संपले. मला अशिलापेक्षा माझाच राग अधिक आला होता. ती सही मी डोळ्यांत तेल घालून तपासली होती, शाई पाहिली होती, कागदाच्या घड्या पाहिल्या होत्या. तिकिटाकडे मात्र एकदाही पाहिले नव्हते, कारण पाकिटाला तिकीट असायचेच, त्यात पाहायचे काय? न्यायालयाबाहेरच्या ओसरीत ते गृहस्थ थांबले आणि म्हणाले, “वकीलबाई, प्रत्येक तिकिटाला तारीख असते. छापलेली नसली तरी असते.” त्यात टोमणा नव्हता. असता तर मी कदाचित विसरून गेले असते.

त्याच संध्याकाळी मी तिकिटे जमवू लागले असे लिहिले तर गोष्ट सुबक होईल, पण तसे घडले नाही. आधी कित्येक महिने मी फक्त कॅटलॉग वाचत होते. प्रत्येक तिकीट कधी निघाले, कोणत्या कागदावर छापले, कागदात जलचिन्ह कोणते, कडेच्या छिद्रांचे माप काय, अशा नोंदींनी भरलेली ती जाडजूड पुस्तके वाचताना मला वाटू लागले, की हा तर पुराव्याचाच कायदा आहे, फक्त सचित्र. छिद्रांचेच घ्या. दोन सेंटिमीटर लांबीत किती छिद्रे बसतात, यावर ते माप ठरते. ही पद्धत पॅरिसच्या डॉ. लेग्रां यांनी १८६६ साली मांडली आणि आजही तीच चालते. चित्र तेच, रंग तोच, दर्शनी किंमत तीच, पण मोजपट्टीवर चौदाऐवजी साडेबारा आले, की तिकीट वेगळे ठरते आणि पुष्कळदा त्याचे सालही वेगळे ठरते. डोळ्याला जे एकसारखे दिसते ते मोजल्यावर एकसारखे राहत नाही, याची मला तेव्हा गरज होती.

पहिल्या टपाल तिकिटापासूनच या वस्तूच्या पोटात संशय दडलेला आहे, हेही तेव्हा कळले. १८४० सालच्या, ब्रिटनच्या ‘पेनी ब्लॅक’ या त्या पहिल्या तिकिटाच्या एका तावात २४० तिकिटे असत, वीस ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा. प्रत्येक तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत एकेक अक्षर छापलेले असे, पहिले ओळीचे आणि दुसरे ओळीतल्या जागेचे, जेणेकरून तावातल्या कोणत्याही दोन तिकिटांवर अक्षरांची जोडी सारखी येऊ नये आणि बनावट तिकिटे काढणाऱ्याचे काम अवघड व्हावे. बनावटीची ही काळजी घेतली, पण लोकांनी दुसरीच वाट शोधली. काळ्या तिकिटावर लाल शाईचा शिक्का मारत, तो पुसून तिकीट पुन्हा वापरता येऊ लागले, तेव्हा १८४१ मध्ये तिकीटच लाल करून शिक्क्याची शाई काळी करण्यात आली. या तिकिटांची विक्री १ मेपासून सुरू झाली होती आणि वापर ६ मेपासून ग्राह्य धरला जायचा होता. तरीही २ मेचा शिक्का असलेली पाकिटे आज अस्तित्वात आहेत. जो शिक्का त्या दिवशी नियमाबाहेरचा होता, तोच आज संग्राहकांना सर्वाधिक हवासा वाटतो. कायद्याच्या माणसाला हे पचायला थोडा वेळ लागतो.

तसे पाहिले तर तिकीट ही मुळात आमचीच वस्तू, टपालाने ती फार उशिरा उसनी घेतली. दस्तावर शुल्काचा मुद्रांक असल्याखेरीज त्याला न्यायालयात किंमत नाही, ही कल्पना नेदरलँड्समध्ये १६२४ साली अमलात आली, इंग्लंडने ती १६९४ मध्ये उचलली आणि १७६५ मध्ये अमेरिकेतल्या वसाहतींवर लादली, ज्याचे परिणाम इतिहासात प्रसिद्ध आहेत. म्हणूनच असेल, पण या छंदात वकिलांची कमतरता कधी पडलेली नाही. १८६९ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या तिकीट संग्राहकांच्या संस्थेचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळणारे फ्रेडरिक फिलब्रिक हे वकील होते आणि पुढे न्यायाधीश झाले. फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी वकिली करत होते, आणि तिकिटांचे आल्बम त्यांनी लहानपणापासून अखेरपर्यंत सोडले नाहीत.

माझी स्वतःची सुरुवात मात्र लाज वाटावी अशी झाली. एका जुन्या घराच्या आवराआवरीत मला शंभरेक पाकिटांचा गठ्ठा मिळाला होता. मी काय करावे? कात्रीने तिकिटे कापली, कोमट पाण्यात भिजत घातली, कागदावरून अलगद सोडवली आणि टीपकागदावर वाळत ठेवली. काहींचा रंग पाण्यात उतरला, कारण शिक्का धुऊन काढणाऱ्यांना अडवण्यासाठी काही तिकिटे मुद्दाम पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापलेली असतात. पण खरे नुकसान रंगाचे नव्हतेच. त्या पाकिटांवर कुठून कुठे गेले याचे शिक्के होते, वाटेत उघडून पाहिल्याची खूण होती, कमी शुल्काचा दंड आकारल्याची नोंद होती, एकदोहोंवर ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा होता. संपूर्ण साक्ष समोर असताना मी तिच्यातून केवळ साक्षीदाराचे नाव कापून घेतले होते आणि बाकीचे केराच्या टोपलीत टाकले होते. त्यानंतर मी पाकिटावरचे एकही तिकीट सोडवलेले नाही. मळलेले तिकीट स्वच्छ करायचे नाही, वळलेला कोपरा दाबून सरळ करायचा नाही, बोटांनी उचलायचे नाही, चिमट्यानेच उचलायचे, आणि नवे काही दिसले तर निदान एक रात्र थांबून मग घ्यायचे. या छंदाचे नियम पुष्कळदा काय करू नये, एवढेच सांगतात.

न करण्याची ही सवय ज्याच्यामुळे खऱ्या अर्थाने लागली तो माणूस एक बनावट तिकिटे करणारा होता. झां दे स्पेराती. १९४२ मध्ये लिस्बनच्या एका व्यापाऱ्याच्या नावे त्याने पाठवलेले पाकीट फ्रेंच सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडवले. आत जुनी, दुर्मीळ तिकिटे होती. मौल्यवान वस्तू जाहीर न करता देशाबाहेर धाडल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. त्याने बचाव असा केला, की ही तिकिटे दुर्मीळ नाहीतच, ती माझ्या हातची नक्कल आहेत. न्यायालयाने तज्ज्ञ बोलावले आणि तज्ज्ञांनी तिकिटे अस्सल असल्याचा निर्वाळा दिला. आपण लबाड आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्या माणसाला तीच तिकिटे पुन्हा बनवून दाखवावी लागली. त्याची रीत अशी होती, की त्याच काळातले एखादे स्वस्त, पण अस्सल तिकीट घ्यायचे, त्यावरचे चित्र रसायनाने उडवायचे, कागद, जलचिन्ह, छिद्रे आणि जमल्यास शिक्कासुद्धा तसाच राखायचा आणि त्या मूळ कागदावर महाग तिकिटाचे चित्र छापायचे. म्हणजे मी कॅटलॉगमधून शिकलेली प्रत्येक कसोटी त्या तिकिटावर खरी उतरत असे. अखेर ब्रिटिश संग्राहकांच्या संघटनेने त्याचा साठा आणि साहित्य विकत घेतले आणि त्याने धंदा थांबवण्याचे मान्य केले. १९५७ मध्ये तो वारला. आज त्याच्या नकलाही संग्राहक हौसेने जमवतात, आणि हो, माझ्याकडेही एक आहे. तज्ज्ञ साक्षीदाराची उलटतपासणी असेल त्या दिवशी मी ती सकाळी एकदा पाहून निघते.

मालकी हक्कासाठी असेच एक उदाहरण मी कनिष्ठ वकिलांना सांगत असते. १९१८ मध्ये अमेरिकेत चोवीस सेंटच्या विमान टपाल तिकिटावर निळे विमान उलटे छापले गेले आणि शंभर तिकिटांचा तसा एक ताव १४ मे रोजी खिडकीवरून रीतसर विकला गेला. अधिकारी तो परत मागायला आले, घेणाऱ्याने नकार दिला. किंमत दिली, माल घेतला, व्यवहार पुरा झाला. चूक विकणाऱ्याची असेल तर ती त्याच्याकडेच राहणार. पुढे ताव फोडण्याआधी प्रत्येक तिकिटाच्या मागे पेन्सिलीने त्याच्या जागेचा क्रमांक लिहिण्यात आला. त्यातला चार तिकिटांचा एक चौकोन १९५५ मध्ये एका प्रदर्शनातून चोरीला गेला. चोराने चौकोन फोडला, तिकिटे निरनिराळ्या हातांत गेली. पण चोराला मालकी नसते, म्हणून ती तो दुसऱ्याला देऊही शकत नाही, मग मधले खरेदीदार कितीही सज्जन असोत. एक तिकीट १९७७ मध्ये सापडले, दुसरे त्यानंतर काही वर्षांनी, तिसरे थेट २०१६ मध्ये, आणि प्रत्येक वेळी छपाई तिकिटावर नेमकी कुठे बसली आहे आणि छिद्रे कशी पडली आहेत, हे जुन्या नोंदींशी ताडून ओळख पटवली गेली. साठ वर्षे! आमच्याकडे एखादे प्रकरण साठ वर्षे चालले तर लोक आम्हाला नावे ठेवतात.

नेमबाजी माझ्या आयुष्यात याच्या कितीतरी नंतर, त्रेचाळिसाव्या वर्षी आली. स्वीडनच्या ऑस्कर स्वानने १९१२ मध्ये चौसष्टाव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण आणि १९२० मध्ये बहात्तराव्या वर्षी रौप्यपदक मिळवले होते, त्यामुळे वयाची सबब चालणार नव्हती. एक सहकारी मला रेंजवर घेऊन गेला तो केवळ माझी थट्टा करायला. उलटतपासणी रंगात आली, की माझा हात टेबलावर ताल धरतो, हे त्याने हेरले होते. “एकदा पिस्तूल धरून बघा, मग हाताचे कळेल,” असे तो म्हणाला. धरले, आणि कळले.

दहा मीटरवरच्या एअर पिस्तुलाच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे असते, म्हणजे साधारण सदऱ्याच्या बटणाएवढे. पिस्तूल एका हाताने धरायचे, कशाचाही आधार घ्यायचा नाही. वजन दीड किलोच्या आत, ट्रिगर सुटायला किमान पाचशे ग्रॅमचा दाब, नळी साडेचार मिलिमीटरची. तिच्यातून सुटतो तो खरे तर छर्रा, पण आम्ही सगळे गोळीच म्हणतो. पूर्वी स्त्रियांच्या स्पर्धेत चाळीस गोळ्या असत, २०१८ पासून पुरुषांप्रमाणे साठ झाल्या. त्यासाठी मिळतात पंचाहत्तर मिनिटे, म्हणजे गोळीमागे सव्वा मिनिट. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचे एक हात खिशात घातलेले छायाचित्र जगभर फिरले आणि लोकांना त्यात मोठी बेफिकिरी दिसली. खिशात किंवा पट्ट्यात रिकामा हात अडकवणे ही आम्हा पिस्तूलवाल्यांची रोजची रीत आहे. तो मोकळा राहिला तर झुलतो आणि त्याच्याबरोबर सारे शरीर झुलते. बेफिकिरीच्या नेमके उलटे काहीतरी त्या छायाचित्रात होते.

नवख्याला सर्वांत न पटणारी गोष्ट म्हणजे लक्ष्याकडे पाहायचे नसते. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरचे स्पष्ट दिसते. पिस्तुलाच्या मागच्या टोकाची खाच, पुढच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरण्याचा छोटा उंचवटा, आणि दहा मीटरवरचे काळे वर्तुळ या तिघांपैकी एकच निवडायचे, आणि ती निवड माशीची करायची. खाचेत माशी किती नेमकी बसली आहे, दोन्ही बाजूंना उजेडाची फट सारखी आहे का, हे पाहायचे. वर्तुळ धूसर दिसले तर दिसू द्यायचे. हात लक्ष्याभोवती थोडा हलतोच, त्याने एखाद्या गुणाचा फरक पडतो. पण माशी खाचेत किंचित कलली तर तीच चूक दहा मीटरवर कितीतरी पट होऊन उमटते. हे शिकताना मला ते जुने पाकीट आठवले. सही हे माझे लक्ष्य होते, आणि त्या लक्ष्यावरच डोळे लावून मी बसले होते.

माझे प्रशिक्षक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत. पहिल्या वर्षभरात त्यांनी मला नेम धरायला जितके शिकवले, त्याहून अधिक नेम सोडून द्यायला शिकवले. हात वर गेल्यावर सात-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही, तर डोळा थकतो, श्वास अपुरा पडतो आणि मन ‘आता सोडूनच टाकू’ म्हणू लागते. त्या क्षणी सुटलेली गोळी हमखास वाईट जाते. “मॅडम, खाली घ्या,” ते मागून म्हणत. “खाली घेतलेल्याचे गुण कापत नाहीत.” ऐकायला हे सोपे आहे. हात वर गेलेला असताना, नेम जवळजवळ बसलेला असताना, शेजारच्या जागी पटापट गोळ्या सुटत असताना तो हात खाली घेणे किती जड जाते, हे मला त्या आधी कधी कळले नव्हते. किंवा कळले होते, पण मान्य केले नव्हते.

कारण न्यायालयात मी तो हात कधीच खाली घेत नसे. एका फौजदारी खटल्यातल्या साक्षीदाराने संध्याकाळच्या वेळी चाळीस पावलांवरून आरोपीला ओळखल्याचे सांगितले होते. अर्ध्या तासाच्या प्रश्नांत मी त्याच्याकडून वदवून घेतले, की त्याला चष्मा लागतो, तो चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता, दिवे लागले नव्हते आणि आरोपीची त्याच्याकडे पाठ होती. तिथे खाली बसायचे. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न उलटतपासणीत विचारू नये, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येते. पण समोरचे चित्र इतके देखणे जमले होते, की मला त्यावर स्वतःची सही हवी होती. मी विचारले, “मग तुम्ही ओळखलेत तरी कसे?” तो शांतपणे म्हणाला, “चालीवरून. तो एका पायाने लंगडतो, आणि तो माझा साडू आहे.”

तो खटला मी हरले, याचे दुःख कालांतराने ओसरले; त्या प्रश्नाचे ओसरलेले नाही. नेमबाजीत अशा एकाच क्षणाने आयुष्यभर ओळखला जाणारा माणूस म्हणजे अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या अंतिम फेरीत तो शेवटच्या गोळीपूर्वी तीन गुणांनी पुढे होता. मध्यम प्रतीची गोळीही सुवर्णाला पुरली असती. त्याने नेम धरला, गोळी उत्तम सुटली, पण पडद्यावर काहीच उमटले नाही, कारण तो दोन क्रमांकाच्या जागेवर उभा होता आणि गोळी गेली होती शेजारच्या तीन क्रमांकाच्या जागेच्या लक्ष्यावर. गुण शून्य, क्रमांक आठवा. चार वर्षांनी बीजिंगमध्ये त्याच स्पर्धेत, तशीच मोठी आघाडी असताना, ट्रिगर त्याच्या अपेक्षेआधी सुटला आणि शेवटच्या गोळीला ४.४ गुण मिळाले. तो चौथा आला. लोक या दोन गोळ्यांबद्दल हळहळतात. मला मात्र जास्त वाटते ते याचे, की तो २००४ नंतर पुन्हा रेंजवर आला, २००८ नंतरही आला आणि २०१२ मध्ये त्याच स्पर्धेत कांस्य घेऊन गेला. अथेन्सला त्याचे सांत्वन करायला आलेली चेक नेमबाज पुढे त्याची पत्नी झाली, ही गोष्ट सांगताना आमच्या रेंजवरची मंडळी नेहमी माझ्याकडे पाहून हसतात. का, ते मला अजून कळलेले नाही.

माझे स्वतःचे यश सांगण्यासारखे नाही. तिकिटांच्या स्पर्धात्मक प्रदर्शनात मी मुद्रांक आणि टपाल तिकिटे दोन्ही कामांसाठी वापरल्याची उदाहरणे मांडली होती, सोळा पानांच्या पाच चौकटी. अशा प्रदर्शनात शंभरपैकी पस्तीस गुण ज्ञान आणि संशोधनाचे असतात, मांडणीला फक्त पाच. मी दोन महिने मांडणीतच घालवले होते, तेव्हा मिळालेले पदक योग्यच होते, म्हणजे सोन्याचे नव्हते. परीक्षकांनी एका पाकिटापाशी चिठ्ठी ठेवली होती: ‘शिक्का तपासावा.’ तपासला. त्यांचे बरोबर होते. ते पान आता आल्बममध्ये रिकामे आहे, वर शीर्षक आहे, खाली मजकूर आहे आणि मध्ये पाकिटाच्या आकाराची पांढरी जागा आहे. ती भरायची मला घाई नाही.

गेल्या वर्षी ज्येष्ठ गटातल्या एका स्पर्धेत मी एकोणसाठ गोळ्या मारल्या तेव्हा घड्याळात अजून सहा मिनिटे शिल्लक होती. शेजारच्या दोघीजणी आपले सामान आवरू लागल्या होत्या. हात वर नेला, माशी खाचेत बसली नाही, खाली घेतला. पुन्हा नेला, श्वास चुकला, पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी सगळे जमून आले होते, पण बोट ट्रिगरवर घाईने गेले आहे असे वाटले आणि तोही हात खाली घेतला. चौथ्यांदा, पाचव्यांदा तेच झाले. मागे बसलेल्या प्रशिक्षकांनी एव्हाना नखे कुरतडायला सुरुवात केली असावी. साडेतीन मिनिटे उरली असताना सहाव्यांदा हात वर गेला, माशी दोन्ही फटींच्या बरोबर मध्ये उभी राहिली, वर्तुळ धूसर झाले आणि गोळी कधी सुटली ते मला कळलेही नाही, जे शिकवल्याप्रमाणे अगदी बरोबर होते. पडद्यावर आकडा उमटला. आठ.

मी पिस्तूल उघडून मेजावर ठेवले आणि चिमट्याची पेटी चुकून त्याच पिशवीत आली आहे का, ते पाहू लागले.